पंचफुलाबाईंच्या स्वेटरवरची तर्री

पंचफुला गजभिये फार चिडकी बाई आहे, असं नागपूरच्या नंदनवन वस्तीत तिच्या गल्लीतलं कोणीही सांगेल. सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण ती ज्याच्यावर चिडते ते बहुतेक वेळा चिडण्यासारखंच असतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

तिची सगळी नोकरी एसटीत गेली. वाहक होती, आणि त्यातली बरीच वर्षं नागपूर-उमरेड गाडीवर. दारातच खांबाला धरून उभे राहणारे, पिशवीत कोंबडी लपवून आणणारे, झोप लागून आपलं गाव मागे टाकणारे आणि मग "बाई, तुमी आवाज काहून नाही दिला?" म्हणून तिच्याशीच भांडणारे, असे सगळे तिने पाहिले. "पुढे सरका" हे दोन शब्द आयुष्यात इतक्या वेळा बोलली, की निवृत्त झाल्यावर भाजीबाजारातसुद्धा ते तिच्या तोंडून आपसूक निघत आणि बायका खरंच पुढे सरकत.

तिचा नवरा गोविंदा उमरेडच्या कोळसा खाणीत फिटर होता. पाळी जमली की तिच्याच गाडीने जायचा. ती त्याच्यापुढे उभी राहून म्हणायची, "पास दाखवा."

"सकाळी घरी पाहिला ना वं तू."

"घरी मी कंडक्टर नाही. दाखवा."

गोविंदा पास दाखवायचा. गाडी हसायची. तो कधी रागावला नाही. हीच त्याची मोठी अडचण होती, असं पंचफुलाचं म्हणणं. माणूस उलट बोलला तर भांडण तरी पुरं होतं.

उमरेडच्या स्टँडवर तिला तुळजाबाई भेटली. विणकराच्या घरची बाई. तिचा नवरा ईश्वरदास हातमागावर लुगडी विणायचा, आणि तुळजाबाई ती घेऊन नागपुरात इतवारीच्या बाजारात द्यायला यायची. मग माग बंद पडला, मुलगा दुसऱ्या कामाला लागला, आणि तुळजाबाईने हात रिकामे राहवत नाहीत म्हणून सुया धरल्या. स्वेटर, टोपरी, मफलर. स्टँडवरच्या बाकावर ती विणत बसायची आणि गाडी सुटेपर्यंत पंचफुला तिच्याशेजारी डबा उघडायची. एकीच्या घरी बुद्धवंदना, दुसरीच्या घरी देवीचा दिवा. पण लोणचं दोघींच्या डब्यातलं दोघींनाही चालायचं.

पंचफुला निवृत्त झाली तेव्हा तुळजाबाईने तिला एक स्वेटर दिला. मोतिया रंगाचा, खऱ्या लोकरीचा, पुढून बटणांचा, दोन्ही बाजूंनी वेलीसारखी पीळ घातलेली वीण. माप घेतलं नव्हतं, नजरेनेच विणला होता, आणि बरोबर बसला. "हा माह्या रोशनीच्या लग्नात घालून ये," तुळजाबाई म्हणाली. रोशनी तिची नात. "मले पाहाचा आहे तुह्या अंगावर."

स्वेटर कपाटात मलमलच्या कापडात गुंडाळून राहिला. रोशनीचं लग्न ठरलं ते यंदाच्या जानेवारीत.

लग्नाच्या आधीच्या रविवारी थंडी चांगली कडक होती. पंचफुलाने स्वेटर काढला. निवृत्तीनंतर अंग सुटलं होतं, बटणं लागतात का ते पाहायचं होतं. लागली. आरशात पाहून तिलाच बरं वाटलं, आणि थंडी होतीच, म्हणून अंगातच ठेवला. इकडे गोविंदाने मटण केलं होतं. रविवारचं मटण तोच करतो, सावजी मसाल्याचं, काळपट लाल, वर बोटभर तर्री. जेवायला बसताना सून दीप्ती म्हणाली, "आई, स्वेटर काढून बसा ना."

"काहून? मी काय लहान पोट्टी आहे सांडायले?"

तिने सांडलं नाही, हे खरं. गोविंदा वाढत होता. भातावर एकदा रस्सा वाढून झाला होता, तरी पुन्हा पातेलं घेऊन आला.

"घे वं, तर्री घे."

"नोको. बस झालं."

"घे ना, थंडीचं बरं असते."

"नोको म्हटलं ना!" म्हणून तिने ताटावर हात आडवा धरला, गोविंदाचा डाव त्या हाताला लागला, आणि तर्री तिच्या छातीवर डाव्या बाजूला, विणीच्या वेलीवरून खाली ओघळली.

मग पंचफुला फक्त एवढंच म्हणाली, "दोनदा नोको म्हटलं होतं म्या."

ती उठली. चिडली की तिचं डोकं उलट नीट चालतं. स्वेटर काढला, सपाट पसरला, चमच्याच्या कडेने वरची तर्री खरवडून घेतली, मग खाली-वर कोरडं सुती फडकं ठेवून नुसतं दाबलं. दीप्ती मोबाइलवर शोधून सांगत होती, "घासायचं नाही म्हणते, आई. आणि गरम पाणी अजिबात नाही, लोकर आवळते."

"ते मलेही समजते."

तेल ओढून घ्यावं म्हणून डागावर टाल्कम पावडर टाकली. पावडर हळूहळू पिवळी झाली, ती झटकून पुन्हा टाकली. तेल बरंचसं निघालं. राहिला हळद-मिरचीचा पिवळा-लाल पट्टा. तो थंड पाण्यात रिठ्याने काढू, असं ठरवून पंचफुला रिठे आणायला निघाली. दीप्तीला तिच्या आईचा फोन आला, ती आत गेली. स्वेटर पुढच्या खोलीत दिवाणावर पसरलेला होता, आणि गोविंदा त्याच्यासमोर एकटा बसलेला होता.

आता गोविंदाचंही ऐकून घेतलं पाहिजे. खाणीतल्या नोकरीत त्याचे कपडे रोज कोळशाने आणि ग्रीसने काळे होऊन यायचे. ते कधी त्याने बायकोला धुवू दिले नाहीत. तीही ड्यूटीवरून थकून यायची. तो स्वतः बादलीत कढत पाणी घ्यायचा, धुण्याचा सोडा टाकायचा आणि ब्रश घेऊन दगडावर बसायचा. कोळसा निघायचाच. चूक आपली, तर डाग आपणच काढावा आणि ती यायच्या आत काढून मोकळं व्हावं, असं त्याला वाटलं. वाटलं तसं त्याने केलं.

पंचफुला रिठ्यांची पुडी घेऊन आली तेव्हा मागच्या न्हाणीतून खसाखसा आवाज येत होता.

"काय करून राहिले तुमी?"

गोविंदाने वर पाहिलं. त्याचा चेहरा घाबरलेला होता, पण तिच्यामुळे नाही. "हे लाल काहून होऊन राहिलं वं? म्या घासून राहिलो तं आणखीनच लाल!"

हळदीला सोडा लागला की ती लाल होते, कुंकवासारखी. पिवळा पट्टा आता तळहाताएवढा लालभडक डाग झाला होता. आणि जिथे ब्रश फिरला होता तिथली वीण दिसेनाशी झाली होती. लोकर आपसात गुंतून, आवळून, नमद्यासारखी घट्ट आणि कडक झाली होती. वेल मध्येच बुजली होती.

पंचफुलाने ब्रश त्याच्या हातातून घेतला आणि न्हाणीच्या कोपऱ्यात फेकला. "गोविंदराव! हा स्वेटर आहे! तुमची खाणीतली पॅन्ट नाही!"

ती त्याला नावाने हाक मारायची नाही. त्या दिवशी मारली. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला, म्हणजे तिकडेही ऐकू गेलं.

"म्या कोळसा काढला आतापर्यंत," गोविंदा पुटपुटला. "हळद काय चीज आहे म्हटलं."

"उठा. उठा इथून. आणि आता याले हात नाही लावायचा. पाह्यचंही नाही त्याच्याकडे."

दुसऱ्या दिवसापासून लोक सुरू झाले. या गोष्टीचा पंचफुलाला डागापेक्षा जास्त ताप झाला. शेजारच्या बाई म्हणाल्या, घासलेट लावा. समोरच्या म्हणाल्या, टूथपेस्ट. कोणी दही म्हणालं, कोणी खाण्याचा सोडा. सोडा म्हणणाऱ्या बाईकडे पंचफुलाने असं पाहिलं, की ती वाक्य अर्धंच ठेवून फाटक लावून निघून गेली. भावाने फोनवर सांगितलं, "ब्लीच टाक वं, मिनिटात पांढरा." लोकर ब्लीचमध्ये टाकली तर डागाबरोबर स्वेटरही जाईल, हे त्याला समजावताना तिचा चहा निवून गेला. ड्रायक्लीनिंगवाल्याने स्वेटर उजेडात धरला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "किसने घिसा इसको?"

"माह्या नवऱ्यानं."

"गॅरंटी नहीं दूँगा, बाई."

"गॅरंटी मागून कोण राहिलं? निघते का ते सांगा."

तो म्हणाला, पाहू. पंचफुलाने स्वेटर त्याच्या हातातून काढून घेतला. 'पाहू' या शब्दावर तिचा विश्वास नाही. आगारात पगारवाढीबद्दल विचारलं की साहेब हेच म्हणायचे.

शेवटी तिने आणि दीप्तीनेच ते काम हाती घेतलं. दीप्ती म्हणाली, सोड्याने लाल झालं तर आंबट लावून पाहू. नूडल्सवर टाकायची पांढऱ्या व्हिनेगरची बाटली स्वयंपाकघरात होती. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब लावून पाहिला, रंग बिघडत नाही ना म्हणून. मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून, फडकं भिजवून डागावर टेकवत गेल्या. लाल ओसरलं आणि पुन्हा पिवळं झालं. दीप्तीला आनंद झाला.

"आई, पाहा, पिवळा झाला!"

"पिवळाच तं होता सुरुवातीले. फिरून फिरून भोपळे चौकात."

पण तिने लगेच रिठे भिजत घातले. रिठ्याच्या फेसाळ थंड पाण्यात स्वेटर बुडवला, पिळला नाही, नुसता दाबत राहिली. पाणी बदललं. मग जाड टॉवेलवर पसरून, टॉवेलसकट गुंडाळी करून वरून दाबून पाणी काढलं. डाग फिका झाला होता, पण नजरेत भरत होता. हळदीचा उरलेला रंग उन्हाने उडतो, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असतं, जेवणाच्या टेबलावरच्या चादरीवरून. पण लोकर उन्हात फार वेळ ठेवली तर पांढरी लोकर स्वतःच पिवळी पडते. म्हणून तिने सगळा स्वेटर सुती धोतराच्या तुकड्याने झाकला, फक्त डाग उघडा ठेवला, आणि गच्चीवर खाटेवर मांडला.

आणि आभाळ आलं.

जानेवारीत नागपुरावर असे ढग येऊन बसावेत हे काही नवं नाही, पण पंचफुलाने ते स्वतःच्या अंगावर घेतलं. सकाळी उठून ती गच्चीत जायची, वर पाहायची आणि जिन्यातून बडबडत खाली यायची. ऊन यायचं ते तुकड्यातुकड्याने, आणि आलं की पाण्याच्या टाकीची सावली नेमकी खाटेवर. गुडघे दुखत असल्याने तिला सारखं वर जाणं जमत नव्हतं. गोविंदाला गच्चीत जायची मनाई होती. तो दिवसभर पुढच्या खोलीत पेपर उलगडून बसायचा आणि ती जवळून गेली की पेपर वर धरायचा.

एका दुपारी ती वर गेली तर खाट जागेवर नव्हती. टाकीची सावली चुकवून पार दुसऱ्या कठड्याला सरकवलेली होती. झाकलेलं कापड तसंच होतं, डागापुरतं उघडं, आणि वारा येईल म्हणून कापडाच्या चारही कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवलेले. स्वेटरला कोणी हात लावलेला नव्हता, फक्त खाट हलवली होती. ती तिथेच थांबली. थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली. गोविंदा वर आला आणि तिला पाहून पायरीवरच थिजला.

"हात नाही लावला म्या," तो म्हणाला. "खाट सरकवतो फक्त. उन्हासंगं."

"रोज?"

"रोज."

"सांगतलं काहून नाही?"

"तू बोलूच नाही देत ना वं."

"एवढी खाट एकटे ओढता, कंबर धरली तं कोण चोळल?" म्हणून ती खाली गेली. पण मनाई पुन्हा काही तिने बोलून दाखवली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी डाग जवळजवळ गेला होता. ठाऊक असलेल्यालाच दिसावी एवढी पिवळसर झाक उरली होती. ब्रशने बुजलेली वीण मात्र कशानेही मोकळी झाली नाही. ओली करून बोटांनी ताणून पाहिली, टाचण्या लावून सपाट वाळवली. ती छातीवर चिकटवलेल्या खपलीसारखी तशीच राहिली.

दिघोरी नाक्यावरून दोघं उमरेडच्या गाडीत बसली. पंचफुलाने पदर डाव्या खांद्यावरून पुढे ओढून पिनेने अडकवला. रस्ताभर ती गोविंदाशी एक शब्द बोलली नाही, आणि गाडीतला नवा कंडक्टर लोकांना पुढे सरकवत नाही म्हणून त्याच्यावर धुसफुसत राहिली.

मंडपात तुळजाबाई पुढच्या रांगेत खुर्चीवर बसली होती. बरीच वाळली होती. पंचफुलाने जवळ जाऊन हाक मारली तेव्हा तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली, आणि हात पुढे केले ते थोडे चुकले. तिचे डोळे गेल्याचं पंचफुलाला फोनवर कधी कळलं नव्हतं. तुळजाबाईने सांगितलंच नव्हतं.

"घातला का?" तुळजाबाईने विचारलं आणि बाहीवर बोटं फिरवली. चेहरा उजळला. बोटं खांद्यावर गेली, वेलीवरून खाली उतरली, पदराच्या आत शिरली आणि थांबली.

"हे काय वं? कोणं घासलं याले?"

आठवडाभराची सगळी तक्रार पंचफुलाच्या जिभेवर तयार होती. ती तोंड उघडणार तोच मागून गोविंदा म्हणाला, "म्या घासलं, बाई. सोड्यानं. ब्रशनं."

"ब्रशनं?" तुळजाबाईचा आवाज चढला. "लोकरीले ब्रश? एवढे मोठे झाले तुमी, अक्कल कोठी ठेवली होती?" आजूबाजूच्या बायका वळल्या. एक नटलेली बाई हसत म्हणाली, "खाणीतले हात ते. त्यायले लोकर काय समजते!" बाकीच्याही हसल्या. गोविंदा हातातल्या अक्षता घट्ट धरून उभा राहिला.

"हसायचं काम नाही!" पंचफुलाचा आवाज मंडपाच्या टोकापर्यंत गेला. सनईवालाही पाहू लागला. "चूक झाली त्यायची. म्या बोलली त्यायले, आठ दिवस बोलली, आता दुसऱ्या कोणाची गरज नाही. रोज उन्हासंगं खाट कोण सरकवत होतं? तुमी आल्या होत्या का सरकवायले?"

ती बाई पदर सावरत दुसरीकडे वळली. तुळजाबाई मात्र घाबरणारी नव्हती. "ओरडून नको राहू. काढून दे तो. मी तेवढं उसवून..." आणि ती मध्येच थांबली. बोटं अजून त्या कडक जागेवरच होती. मग हळू म्हणाली, "नाही वं. मले आता नाही जमत. सुटलेला टाका सापडत नाही. रोशनीसाठी शाल घेतली होती विणायले, लग्नात द्यायची म्हणून. अर्धीच आहे पेटीत. पोरीले म्या सांगतलं, लोकर संपली."

पंचफुला तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसली. तिला राग आला, पण कोणाचा आला हे तिला ठरवता येईना. डोळ्यांचा, तुळजाबाईने लपवून ठेवल्याचा, की फोनवर आपण फक्त आपलीच गाऱ्हाणी सांगत राहिलो त्याचा. ती म्हणाली, "सुया कोठी आहेत?"

"काहून?"

"मले शिकव. तू सांग, मी विणतो."

"तू? तुले धीर आहे का?"

"नाही. तरी शिकव."

तेव्हापासून पंचफुला दर बुधवारी उमरेडला जाते. हे शिक्षण काही गोड नाही. तुळजाबाई खाटेवर बसून तोंडाने सांगते आणि पंचफुलाने विणलेल्या ओळीवरून बोटं फिरवते. बोटं थांबली की पंचफुलाच्या कपाळावर आठी येते, कारण पुढचा शब्द ठरलेला असतो. "उसव." पंचफुला सुया आपटते, पुन्हा कधी येणार नाही म्हणते. ईश्वरदास चहा ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. गोविंदालाही एकदा बरोबर नेलं होतं, तर त्याने लोकरीचा गुंडा सोडवून देतो म्हणून त्याच्या अशा गाठी केल्या, की दोघी बायकांनी मिळून त्याला ओट्यावर पाठवलं.

परवा रोशनीचा सासरहून फोन आला. शालीची गोष्ट तिला कळली होती.

"आजी, झाली का शाल?"

"होऊन राहिली," तुळजाबाई म्हणाली. "ही बाई दोन ओळी विणते आन् मी तीन उसवाले लावतो. तुह्या पोराच्या लग्नापर्यंत होईल."

"तू नीट सांगत नाही म्हणून!" पंचफुला फोनच्या दिशेने ओरडली.

"मी नीटच सांगून राहिली. तू ऐकून नाही राहिली."

"बरं, सांग मग. उलटा का सुलटा?"

"उलटा. आन् मोजत जा, बडबडू नको."

पंचफुलाने सुई आत घातली, धागा ओढला आणि मोजू लागली.